मिल्टन कुठे येणार?

सोमवार, ७ ऑक्टोबर २०२४, टॅम्पा, फ्लोरिडा

मेक्सिकोच्या आखाताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात शनिवारी नाव मिळालेल्या मिल्टन वादळाला काल दुपारी हरिकेनचा, म्हणजे प्रबळ चक्रीवादळाचा दर्जा मिळाला आणि आज दुपारी बाराच्या आत ते पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या वर्गात जाऊन पोहोचले. हवामानाचा नाद लागलेली आम्ही मंडळी झपाट्याने बळावणारी वादळे पाहत आलो आहोत, तरी एका दिवसाच्या आत एवढी मजल मारणारी वादळे बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. संध्याकाळच्या बुलेटिनमध्ये मध्यभागातील हवेचा दाब ८९७ मिलिबार दिला होता; हा दाब जितका कमी, तितके वादळ जोरदार. अटलांटिकच्या नोंदींत याहून खाली गेलेली वादळे चारच आहेत: १९३५ चे लेबर डेचे वादळ, १९८८ चे गिल्बर्ट आणि २००५ मधील रिटा व विल्मा. वाऱ्याचा वेग ताशी १८० मैल, म्हणजे सुमारे २९० किलोमीटर आहे.

उपग्रहाच्या चित्रात वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, टाचणीने टोचल्यासारखा बारीक दिसतो. त्याची रुंदी जेमतेम चार मैल आहे. इतक्या लहान डोळ्याभोवती वारा भयंकर वेगाने फिरतो, पण तो डोळा फार काळ टिकत नाही. बाहेरच्या बाजूने ढगांची दुसरी भिंत तयार होते, ती आतल्या भिंतीचा जीव घोटते आणि मग वेग थोडा उतरला तरी वाऱ्याचा घेर वाढतो. म्हणून उद्या सकाळी ‘वादळ चौथ्या वर्गात उतरले’ अशी बातमी आली, तर कोणी तिच्यावर विसंबून घरी थांबू नये, असे मी आजच आमच्या ओळखीच्या मराठी कुटुंबांना फोन करून सांगितले. आखाताचे पाणी अजून ३० अंशांच्या वर आहे आणि वादळाच्या वाटेत अजून दोन दिवसांचे पाणी आहे.

मायामीचे हवामानतज्ज्ञ जॉन मोरालेस यांचा आवाज आज वृत्त देताना भरून आला. दहा तासांत दाब पन्नास मिलिबारनी घसरल्याचे ते सांगत होते. कित्येक दशके हेच काम केलेल्या माणसाला आकड्याने रडू यावे, याचे मला मुळीच नवल वाटले नाही. तो आकडा किनाऱ्यापाशी येईल तेव्हा त्याचे काय होते, हे त्यांनी पुरेपूर पाहिलेले आहे.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

सेंट पीटर्सबर्गची माझी मैत्रीण, तिचा नवरा, दोन मुले आणि सासूबाई, म्हणजे आमच्या काकू, दुपारी आमच्याकडे आली. त्यांच्या भागाला घर सोडण्याचा सक्तीचा आदेश आहे. आमचे घर किनाऱ्यापासून आत आणि उंचावर असल्याने आम्हाला तो नाही. नवरात्र चालू असताना घट हलवू नये म्हणतात, पण काकूंनी स्वतःच निर्णय घेतला आणि गहू चांगला बोटभर उगवलेला घट मांडीवर घेऊन त्या गाडीत बसल्या. एरवी पाऊण तासाच्या वाटेला चार तास लागले. उत्तरेकडे जाणारा महामार्ग तुंबलेला होता आणि वाटेतले पेट्रोल पंप कोरडे पडले होते. घट आता आमच्या जेवणघराच्या कोपऱ्यात आहे. काकूंनी माती किंचित ओली केली, दिवा लावला आणि मगच चहाला हात लावला.

त्यांच्या रस्त्यावर आधीच्या हेलीन वादळाचा कचरा अजून तसाच पडून आहे. २६ सप्टेंबरला हेलीन येथून कितीतरी उत्तरेला किनाऱ्यावर आले, तरी त्याने टॅम्पा उपसागरात घुसवलेल्या पाण्याने घरेच्या घरे आतून कुजवली. भिजलेल्या गाद्या, फ्रीज, उचकटलेल्या भिंतींचे तक्ते यांचे ढीग घराघरांसमोर आहेत. मिल्टनच्या वाऱ्याने हेच ढीग उडून दुसऱ्यांच्या खिडक्यांवर आदळतील, म्हणून ते रात्रंदिवस उचलण्याचे काम चालू आहे. सगळे काही उचलून होणार नाही हे उघड दिसते.

रात्री जेवणे झाल्यावर मी पडद्यावर अकराचे बुलेटिन उघडले, तेव्हा काकू शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “अगं, ते वारे-बिरे राहू दे. आमच्या घरात पाणी शिरणार का, तेवढं सांग.”

मी त्यांना नकाशावर दाखवले. या भागात वादळाचा वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. मिल्टन पश्चिमेकडून येत आहे. ते टॅम्पा उपसागराच्या तोंडाच्या उत्तरेला किनाऱ्यावर आले, तर वारा समुद्राचे पाणी उपसागरात ढकलेल, आणि हा उपसागर उथळ व निमुळता असल्याने त्या पाण्याला वर चढण्याखेरीज दुसरी जागा उरणार नाही. १९२१ च्या ऑक्टोबरमध्ये टार्पन स्प्रिंग्सजवळ आलेल्या वादळाने टॅम्पात दहा फुटांच्या वर पाणी चढले होते. त्यानंतर एवढ्या ताकदीचे वादळ थेट येथे आलेले नाही, आणि शहर मात्र दरम्यानच्या शंभर वर्षांत पार पाण्याच्या काठापर्यंत वाढले आहे. याउलट मिल्टन तोंडाच्या दक्षिणेला गेले, तर येथे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहील आणि पाणी बाहेर ओढले जाईल. हा फरक वीस-पंचवीस मैलांचा आहे आणि किनाऱ्याला तिरपे येणाऱ्या वादळाची दिशा किंचित बदलली तरी तेवढा फरक सहज पडतो. अंदाजाचा जो शंकू टीव्हीवर दाखवतात, तो वादळाचा केंद्रबिंदू कुठून जाईल एवढेच सांगतो, आणि तेही साधारण तीनांपैकी दोन वेळा. वारा, पाऊस आणि लाट त्या शंकूच्या बाहेरही पोहोचतात.

काकूंनी सगळे लक्षपूर्वक ऐकले आणि विचारले, “म्हणजे ते खाली गेलं तर आपण वाचलो. पण खाली कोण राहतं?”

खाली सारासोटा आहे, ‘सिएस्टा की’ हे बेट आहे, व्हेनिस आहे. सारासोटात आमच्या ओळखीचे एक कुटुंब आहे; ते आज जॅक्सनव्हिलकडे निघाले आहेत. मी काकूंना हे सांगितले, आणि त्यानंतर नकाशावरची रेघ दक्षिणेला सरकावी असे मनात आणणे मला जमेना. ती सरकली तर सरकली म्हणावे, पण तसे मागू नये, असे मला आज फार स्पष्टपणे वाटले. वादळाचा माग काढणाऱ्याने ते कुठे चालले आहे हे नीट पाहावे आणि ज्यांच्या दारात चालले आहे त्यांना समजेल अशा भाषेत सांगावे. आपल्या दारावरून टळावे म्हणून संगणकी मॉडेलांच्या अंदाजांमधले आपल्या सोयीचे तेवढे निवडू नये.

आज रात्रीची एक नोंद येथे लिहून ठेवते. वादळाच्या डोळ्यात शिरणारी विमाने प्रत्येक फेरीनंतर आकड्यांचा एक कोरडा संदेश पाठवतात: दाब, जागा, डोळ्याचा व्यास, वाऱ्याचा वेग. एनओएए या अमेरिकी हवामान व समुद्र संस्थेच्या पी-३ विमानाच्या आजच्या एका संदेशाच्या शेवटी पीटर डॉज यांचे नाव आणि १९५०-२०२३ ही वर्षे होती. हरिकेनच्या रडारवर आयुष्यभर काम केलेल्या या शास्त्रज्ञाने हयातीत ३८६ वेळा वादळाच्या डोळ्यात प्रवेश केला होता. त्यांची रक्षा आज मिल्टनच्या डोळ्यात सोडण्यात आली आणि सहकाऱ्यांनी संदेशात ती त्यांची ३८७ वी खेप म्हणून नोंदवली. मी ते वाचून काकूंना मराठीत सांगितले, तेव्हा त्यांनी घटाकडे वळून हात जोडले.

बुधवार, ९ ऑक्टोबर

वीज कधीही जाईल, म्हणून थोडक्यात लिहिते.

सकाळपासून आखातावरच्या वरच्या थरातील वाऱ्यांनी मिल्टनला चिरडायला सुरुवात केली आहे. ढगांची रचना एकांगी झाली, वर्ग उतरला, पण वाऱ्याचा घेर पसरला आणि पावसाचा सगळा भार उत्तरेकडच्या बाजूला, म्हणजे आमच्यावर आणि सेंट पीटर्सबर्गवर आला. दुपारपासून डोळ्याची वाट स्पष्ट दक्षिणेला झुकू लागली. त्याच वेळी फोन वारंवार खणखणू लागला तो चक्रावातांच्या (टोर्नेडोंच्या) इशाऱ्यांनी, आणि ते इशारे बहुतेक दक्षिण आणि पूर्व फ्लोरिडासाठी होते, वादळाच्या डोळ्यापासून कितीतरी दूर.

रात्री साडेआठच्या सुमारास सिएस्टा की येथे डोळा जमिनीवर आला. बुलेटिनमध्ये तिसरा वर्ग आणि ताशी १२० मैल वारा असे आहे. टॅम्पातल्या उपसागराचे पाणी काही फुटांनी मागे हटले असून एरवी बुडालेला चिखल उघडा पडला आहे. लोकांनी तेथे उतरू नये, पाणी परत येते, असे अधिकारी पुन्हा पुन्हा सांगत आहेत. घराच्या मागचा ओक वृक्ष मुळापासून हलत असल्याचा आवाज भिंतीतून ऐकू येतो. मुलांना आम्ही मधल्या खोलीत, खिडक्यांपासून दूर झोपवले आहे.

शनिवार, १२ ऑक्टोबर, दसरा

वीज काल रात्री उशिरा आली. तीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली होती आणि त्यातल्या अनेकांची अजून आलेली नाही.

सेंट पीटर्सबर्गमध्ये अठरा इंचांहून अधिक पाऊस पडला. ट्रॉपिकाना फील्ड या स्टेडियमच्या छताचे कापड वाऱ्याने फाटून चिंध्या झाले आणि बांधकामावरची एक उंच क्रेन शेजारच्या इमारतीवर कोसळली. काकूंच्या घरात समुद्र आला नाही, पण गटारांनी घेतला नाही तो पाऊस आला. शेजाऱ्यांनी पाठवलेल्या छायाचित्रात देवघराच्या खालच्या फळीपर्यंत पाण्याची रेषा दिसते. व्हेनिसच्या दक्षिणेला मनासोटा की येथे हेलीनने निम्मी मोडलेली घरे समुद्राने पुरती मोडली. सारासोटाचे कुटुंब सुखरूप आहे. त्यांच्या छपराचा एक कोपरा गेला आहे.

सर्वांत मोठा घाला मात्र पूर्व किनाऱ्यावर पडला. सेंट लूसी काउंटीमधील स्पॅनिश लेक्स या निवृत्त लोकांच्या वसाहतीत बुधवारी दुपारी चक्रावाताने सहा जणांचा जीव घेतला. मिल्टन जमिनीवर यायला तेव्हा अजून काही तास होते आणि नाद असलेली आम्ही सगळी मंडळी पश्चिम किनाऱ्याच्या एका बिंदूकडे डोळे लावून बसलो होतो. त्या एका दिवसात फ्लोरिडात चक्रावातांचे १२० हून अधिक इशारे निघाले, आणि या राज्यात असा दिवस यापूर्वी उगवलेला नव्हता. हलक्या, कारखान्यात बांधून आणलेल्या घरांत राहणाऱ्या वृद्धांना इशारा मिळाल्यावर जायला पक्की जागाच नसेल, तर इशारा कितीही वेळेवर निघाला तरी काय उपयोग, हा प्रश्न मला वाऱ्याच्या वर्गापेक्षा मोठा वाटतो. त्याविषयी बोलणारे लोक आज तरी फार थोडे दिसतात.

काकूंनी सकाळी घट उठवला आणि गव्हाचे तुरे सगळ्यांच्या हातात दिले. आपट्याची पाने येथे मिळत नाहीत, म्हणून मुलांनी अंगणात पडलेली ओकची पाने धुऊन आणली. मैत्रीण आणि तिचा नवरा पंप आणि ब्लीचच्या बाटल्या घेऊन घरी गेले आहेत. पूर्व किनाऱ्यावरच्या आमच्या ओळखीच्या घरांची यादी मी आज दुपारी काढली. कोणाचे घर कशाचे बांधलेले आहे आणि सर्वांत जवळची पक्की इमारत कोणती आहे, हे आता एकेकाला फोन करून विचारते आहे. हंगाम ३० नोव्हेंबरपर्यंत आहे.