हरिश्चंद्रगड, धुकं आणि सॅकमधली सुखाची पुरचुंडी

खिरेश्वर, तोलारखिंड, हरिश्चंद्रगड आणि उतरताना पाचनई असा बेत होता. महिना श्रावणाचा. गडावर मंदिराजवळ मुक्काम ठरला होता, पण रात्र काढावी लागली खिंडीच्या वरच्या पठारावर, उघड्यावर आणि पावसात. सगळे सुखरूप परतलो. त्या रात्री सॅकमधल्या कोणत्या वस्तू कामी आल्या, ते या वाटेनं जाणाऱ्यांसाठी सविस्तर लिहितो.

आधी वाट. पुण्याहून आळेफाटा आणि पुढे माळशेजच्या रस्त्यावर खुबी फाटा. तिथे उतरून पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वर गाठायचं. गावाजवळच्या नागेश्वराच्या जुन्या मंदिरात थोडा वेळ काढा आणि छताकडे मान वर करून बघा. तोलारखिंडीत वाघाचं दगडी शिल्प आहे. तिथून सरळ जाणारी वाट कोथळ्याकडे उतरते आणि गडाची वाट कातळावर चढते. कातळटप्प्यावर लोखंडी रेलिंग आहे, ओल्या हातांनीही ते नीट धरता येतं. खरी परीक्षा त्यानंतरची. कारवीच्या रानातून एकामागून एक टेकाडं पार करत मंदिराकडे जायचं असतं. उघडीप असेल तर वाट सोपी आहे, पण धुक्यात प्रत्येक टेकाड सारखंच दिसतं आणि ढोरवाटा चारी दिशांना फुटतात.

खालच्या ओढ्याचं पाणी ओसरण्याची वाट बघण्यात आमची दुपार गेली. रेलिंग चढून पठारावर आलो आणि धुकं असं उतरलं की चार पावलांवरचा माणूस दिसेना. दगडांवरचे बाण दिसायचे बंद झाले. उजेड असेपर्यंतच आम्ही थांबायचं ठरवलं. ओढ्यापासून लांब, वाऱ्याच्या उलट्या बाजूला एका कातळाच्या आडोशाला प्लास्टिकचा मोठा कागद बांधला आणि खाली बसलो.

सोबत मित्राचा भाचा होता, कॉलेजात जाणारा, पावसाळी गडावर पहिल्यांदाच आलेला. थोड्या वेळानं तो म्हणायला लागला, "मामा, चालत राहिलो तर अंग तरी गरम राहील. मंदिर जवळच असेल ना?" मंदिर जवळ असेलही, पण याच पठाराला कडेही आहेत. धुक्यात चुकलेल्या माणसाला गारठ्याइतकाच धोका उठून चालायला लागण्याचा असतो. गारठलेला, भुकेला, ओल्या मोज्यातला माणूस बसून राहू शकत नाही, काहीतरी करावं असं त्याला वाटत राहतं. त्याला जागेवर बसवून ठेवते ती थोडीशी ऊब आणि थोडंसं सुख. म्हणून ज्यांना लोक चैन म्हणतात, त्या वस्तू मी शिट्टी आणि टॉर्चच्याच पिशवीत ठेवतो.

पहिला मान कोरड्या लोकरी मोज्यांचा. दोन पिशव्यांत गुंडाळून सॅकच्या तळाशी ठेवलेला हा जोड दिवसा कितीही मोह झाला तरी बाहेर काढायचा नाही. आम्ही बूट काढले, पाय पंचानं बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे केले, मोजे चढवले आणि रिकाम्या केलेल्या सॅकमध्ये गुडघ्यापर्यंत पाय घातले. भाच्याच्या मोज्यातून कपभर तरी पाणी निघालं असेल. कोरडे मोजे घातल्यावर तो पहिल्यांदा मागे टेकून बसला आणि चालण्याचा विषय तिथेच संपला.

त्याच तोडीचा कॅरीमॅटचा, म्हणजे फोमच्या चटईचा तुकडा, बुडाखाली मावेल एवढाच. ओला कातळ अंगातली ऊब सतत शोषून घेतो, वरून कितीही पांघरलं तरी. चंदेरी स्पेस ब्लँकेट, म्हणजे अंगाची ऊब परत अंगाकडे वळवणारं चकचकीत प्लास्टिकचं पांघरूण, जेमतेम पन्नास-साठ ग्रॅमचं असतं, जरूर ठेवा, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका. ते पातळ असतं, वाऱ्यात फडफडतं आणि लगेच फाटतं. आत कोरडा थर हवा आणि बाहेरून वारा अडलेला हवा, तरच त्याचा उपयोग. सुती कपडे एकदा भिजले की रात्रभर वाळत नाहीत, म्हणून बदलायचा शर्ट सिंथेटिक किंवा लोकरीचा घ्या. कानटोपी तर हवीच.

आता खाणं. थर्मासमध्ये सकाळी खिरेश्वरला मावशींनी उकळतं पाणी भरून दिलं होतं. रात्रीपर्यंत ते कोमट झालेलं. घरून जन्माष्टमीचा सुंठवडा पुडीत बांधून आणला होता. झाकणात दोन चमचे सुंठवडा, वर थोडं पाणी, बोटानं ढवळून एकेकानं घ्यायचं. खोबऱ्याचा कीस दातात येतो, मागून सुंठ घशात उतरते आणि साखर लगेच कामाला लागते. पाळीपाळीनं ते झाकण चौघांत फिरत होतं आणि प्रत्येक फेरीनंतर बोलणं थोडं वाढत होतं. चिक्की आणि खजूरही होते. एकदम न संपवता तासातासानं वाटले, कारण पुढच्या घासाची वाट बघण्यात वेळ सरतो.

थंडीवर उतारा म्हणून चपटी नेणारे अनेक जण भेटतात. कृपा करून नेऊ नका. दारूनं त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, क्षणभर गरम वाटतं आणि अंगातली ऊब उलट लवकर निघून जाते. सोबत्याकडे सतत लक्ष ठेवा. कुडकुडणारा माणूस अजून झुंजतोय. अंग गारच असताना कुडकुडणं थांबलं, बोलणं अडखळू लागलं, माणूस पेंगू लागला, तर ते गंभीर आहे. अशा वेळी ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा, हातपाय जोरानं चोळू नका, पेंगणाऱ्याच्या तोंडात काही घालू नका आणि ताबडतोब मदत मागा.

उजेडाची एक युक्ती सांगतो. पाण्यानं भरलेल्या पारदर्शक बाटलीला हेडटॉर्च आतल्या बाजूला तोंड करून बांधा. डोळ्यांवर झोत न येता सगळ्या आडोशाला मऊ उजेड मिळतो. त्या उजेडात आम्ही मेंढीकोट खेळलो. पत्त्यांचा कॅट प्लास्टिकचा होता, म्हणूनच टिकला. पुरचुंडीत अमृतांजनची लहान डबी आणि मांड्या घासल्या जातात त्यासाठी खोबरेल तेलही होतं.

संकटाची शिट्टी म्हणजे एका मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा. उत्तर तीन शिट्ट्यांचं असतं. हे निघण्याआधी सगळ्यांना शिकवा. पठारावर मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही, त्यामुळे कुठून चढणार आणि कुठे उतरणार ते घरी आणि गावात सांगून निघा. ११२ सगळ्यांना माहीत असतो, शिवाय महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा क्रमांकही फोनमध्ये ठेवा.

सकाळी धुकं विरळ झालं तेव्हा वाट हाकेच्या अंतरावर दिसली. मंदिराजवळच्या झोपडीत चहा-पोहे घेतले, केदारेश्वराच्या गुहेतलं पाणी लांबूनच पाहिलं, कोकणकडा ढगातच राहिला. पाचनईची वाट तुलनेनं सोपी आणि मळलेली आहे. पावसाळ्यात पहिल्यांदा जाणाऱ्यांनी चढायलाही तीच घ्यावी, आणि खिरेश्वरहूनच जायचं असेल तर गावातला वाटाड्या घ्यावा.

ही पुरचुंडी सगळी मिळून पाऊण किलोच्या आसपास भरते, थर्मास वेगळा. घरी आल्यावर टॉर्चचे सेल काढून ठेवा, मोजे उन्हात वाळवून पुन्हा पिशवीबंद करा. सुंठवडा मात्र प्रत्येक वेळी ताजा भरा, त्यातलं खोबरं खवट होतं. तो नसेल तेव्हा आलेपाकाच्या वड्या चालतात.