हृदयाचे रिपोर्ट सुधारले, अण्णा सुधारले नाहीत

हार्ट फेल्युअरचं निदान झालं तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, ८८ वर्षांचे होते. रुग्णालयातून घरी आल्यावर पायांवरची सूज उतरली, धाप कमी झाली, रोज सकाळचं वजन वहीत लिहिलं जाऊ लागलं. हृदयरोगतज्ज्ञ समाधानी होते. अण्णा मात्र खुर्चीतून उठेनात. जेवण दोन घासांवर आलं. पहाटे तीनला जाग यायची, मग उजाडेपर्यंत नुसते पडून राहायचे. रडणं नाही, तक्रार नाही. काय होतंय विचारलं की "काही नाही."

जो तो म्हणायचा, वय झालं आता. नातेवाईक म्हणायचे आणि एक-दोन डॉक्टरही म्हणाले. थकवा, उडालेली झोप, मंदावलेली भूक ही हार्ट फेल्युअरचीही लक्षणं, त्यामुळे कशाचंही खापर फोडायला हृदय होतंच. एक दिवस अंथरूण झटकताना उशीच्या अभ्र्यातून गोळ्या पडल्या. रक्तदाबाच्या, लघवी होण्याच्या, बऱ्याच दिवसांच्या साठलेल्या. पाठोपाठ सूज परत आली आणि पुन्हा भरती करावं लागलं.

"अण्णा, गोळ्या का नाही घेतल्या?"

"घेऊन करायचंय काय?"

फिजिशियनना मी हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, हृदयाचं बघतोच आहोत, आता मनाचंही बघू. घरात यावरून बरंच वाजलं. या वयात मानसोपचारतज्ज्ञ कशाला, असा सूर होता. मला तो आजही पटत नाही. ८८व्या वर्षी पेसमेकर बसवायला कुणाची हरकत नसते.

तपासणीची सुरुवात रक्तापासून झाली. हिमोग्लोबिन, बी-१२, सोडियम आणि थायरॉईड. अण्णांना ठोक्यांच्या अनियमिततेसाठी अमिओडॅरोन चालू होतं. त्या औषधानं थायरॉईड बिघडू शकतं, आणि थायरॉईड मंदावलं तर माणूस असाच सुस्त होतो. त्यांचं ठीक निघालं.

मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी आधी श्रवणयंत्राचा सेल बदलायला लावला. मग जेरियाट्रिक डिप्रेशन स्केलचे १५ प्रश्न विचारले. हो किंवा नाही, एवढंच उत्तर द्यायचं. यात झोप, भूक, वजन यांबद्दल प्रश्नच नाहीत, कारण म्हातारपणी शरीराच्या दुखण्यांमुळेही ती लक्षणं दिसतात.

"आयुष्य रिकामं वाटतं का?"

"वाटत नाही. आहे."

"बहुतेक लोकांचं आपल्यापेक्षा बरं चाललंय असं वाटतं का?"

"बहुतेक लोक गेले हो."

बाई हसल्या. कित्येक आठवड्यांनी अण्णाही किंचित हसले. साधारण पाचच्या वर गुण गेले तर नैराश्याचा संशय घेतात. अण्णांचे दहा झाले. त्यानंतर स्मरणशक्तीची चाचणी झाली, शिवाय माझ्यासमोर आणि मी बाहेर असताना अशा दोन्ही वेळा बोलणं झालं.

त्यांनी जे समजावलं त्यातलं बरंचसं मी नंतर वाचूनही पाहिलं. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या साधारण पाचांपैकी एकाला गंभीर नैराश्य येतं आणि अशांचा मृत्यूचा धोका जास्त असतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये नैराश्याला अशा रुग्णांच्या बाबतीत जोखमीचा घटक मानावं असं सुचवलं. नैराश्यात ताणाची संप्रेरकं वाढतात, शरीरात सूज आणणाऱ्या प्रक्रिया जोर धरतात, रक्तातल्या प्लेटलेट्स चटकन चिकटतात. अभ्र्यातल्या गोळ्या तर आम्ही पाहिल्याच होत्या. उलट बाजूनेही हे चालतं. ज्या रोगाने हृदयाच्या रक्तवाहिन्या खराब होतात, त्यानेच मेंदूतल्या बारीक वाहिन्याही होऊ शकतात. १९९७ मध्ये 'व्हॅस्क्युलर डिप्रेशन' ही कल्पना मांडली गेली. त्यात दुःखापेक्षा मंदपणा आणि कशातच पुढाकार न घेणं जास्त दिसतं. अण्णा रडत नव्हते म्हणून आम्हाला कुणालाच नैराश्य सुचलं नव्हतं.

औषध निवडताना हृदय मध्ये येतंच. ट्रायसायक्लिक गटाची जुनी औषधं ठोक्यांवर परिणाम करतात, उभं राहताना रक्तदाब उतरवतात, म्हणून ती बाद. सिटालोप्रामने ईसीजीतला क्यूटी काळ, म्हणजे ठोक्यानंतर हृदय पुढच्या ठोक्यासाठी सज्ज व्हायला लागणारा वेळ, लांबतो आणि फार लांबला तर ठोके धोकादायकरीत्या बिघडू शकतात. अमिओडॅरोननेही तो लांबतो, म्हणून तेही नको. सर्ट्रालीन ठरलं. हार्ट अटॅकनंतरच्या रुग्णांत त्याची सुरक्षितता तपासणारा मोठा अभ्यास २००२ साली आला होता. सुरुवात २५ मिलिग्रॅमने. ॲस्पिरिनसोबत रक्तस्रावाचा धोका वाढतो म्हणून पोटासाठी एक गोळी जोडली.

सगळ्यात अवघड भाग पुढे होता. थोड्याच दिवसांत अण्णांचा चालताना तोल जाऊ लागला, बोलण्यात गोंधळ होऊ लागला. सोडियम १३५ च्या वर हवं, ते १२८ वर आलं होतं. अशा औषधांनी वृद्धांचं सोडियम घसरतं, त्यात लघवीची गोळी असली की जास्तच. बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून आम्ही थांबून न राहता लगेच रक्त तपासलं. दोन्ही डॉक्टरांनी फोनवर बोलून डोस बदलले, पाण्याचं प्रमाण ठरवून दिलं. कोणत्याही घरातल्या माणसाने सोडियमची एवढी एक तपासणी तरी मागूनच घ्यावी.

गुण यायला दोन महिने लागले. त्याच काळात फिजिओथेरपिस्ट खुर्चीवरचे व्यायाम करून घेत होता. अण्णांच्या मते माणूस उद्धट होता, पण त्याच्या वेळेआधी ते दाढी करून बसायचे.

हृदयाची पंपिंगची ताकद जवळपास आहे तेवढीच आहे. चालणं खोलीच्या दारापर्यंत. गोळ्या आता ते स्वतः डबीतून काढून घेतात आणि मला रिकामा कप्पा दाखवतात. सर्ट्रालीन इतक्यात बंद करायची नाही असं बाईंनी बजावलंय. मागच्या भेटीत अण्णांनी त्यांच्याकडे तक्रार केली, ती लघवीच्या गोळीची. कुणी भेटायला आलं की नेमकं मधेच उठावं लागतं, तर तिची वेळ बदलून द्या म्हणाले.