पोहे खाऊनही अकराला भूक का लागते?

सकाळी बशीभर पोहे आणि चहा झालेला असतानाही अकराच्या सुमारास पोटात कावळे ओरडू लागले, की घरातली मोठी माणसे 'खा-खा सुटली आहे' असे म्हणून मोकळी होतात. मला हा शेरा अन्यायाचा वाटतो, कारण पोट भरणे आणि भूक भागणे या शरीराच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अन्नाने जठर ताणले गेले की तेथील मज्जातंतू मेंदूला तशी वर्दी देतात. मात्र जठर रिकामे होऊ लागताच ती वर्दी ओसरते. टिकणारी तृप्ती येते ती अन्न लहान आतड्यात उतरल्यावर, कारण प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ तेथे पोहोचले की कोलेसिस्टोकायनिनसारखी संप्रेरके स्रवतात आणि जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो. पन्नास ग्रॅम कोरड्या पोह्यांत प्रथिने जेमतेम 3 ते 4 ग्रॅम असतात. शिवाय पोहे तयार होतानाच भात भिजवून, भाजून चेपलेला असल्यामुळे त्यातील पिष्ट लवकर पचते, रक्तातील साखर झपाट्याने चढते, आणि काही जणांच्या बाबतीत दोन-तीन तासांनी ती नेहमीच्या पातळीच्याही खाली उतरते. भूक पुन्हा डोके वर काढते ती तेव्हा.

सिडनी विद्यापीठातील सुझाना होल्ट यांनी 1995 मध्ये सारख्याच उष्मांकाचे 38 पदार्थ लोकांना खाऊ घालून तृप्ती मोजली होती. पांढऱ्या पावाला 100 गुण धरले, तर उकडलेल्या बटाट्याला 323 आणि क्रोसाँ या लोणीदार पावाला अवघे 47 गुण मिळाले. म्हणजे उष्मांक तेवढेच असूनही समाधानात जवळजवळ सातपट फरक पडला!

म्हणूनच नागपूरकडे पोह्यांवर हरभऱ्याची झणझणीत तर्री ओततात, ती पद्धत मला चवीइतकीच पोषणाच्या दृष्टीनेही मोलाची वाटते. तर्री जमत नसेल, तर मोड आलेल्या मटकीची उसळ किंवा उकडलेले अंडे सोबत घ्यावे आणि सावकाश खावे, कारण तृप्तीचे संकेत मेंदूपर्यंत पोहोचायला साधारण वीस मिनिटे लागतात. झोप अपुरी झाली असेल, तर भूक वाढवणारे घ्रेलिनही वाढू शकते, हे घरच्यांनी ध्यानात घ्यावे.

एवढे करूनही सतत भूक लागत असेल आणि त्याच वेळी वजन उतरत असेल किंवा तहान वाढली असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रक्तातील साखर आणि थायरॉइड तपासून घ्यावे.