तुम्ही विचारलंत म्हणून: त्या रविवारी मळणीची मशीन का नाही लावली

चौकात, लग्नात, बँकेच्या लाइनीत सुद्धा लोक विचारतात, भाऊ, सोयाबीनची गंजी वावरात, वर आभाळ, अन् तू चर्चले काऊन गेला? आजवर हसून टाळलं, आता एकदाचं लिहितो.

2024 चा हंगाम. सोयाबीन सवंगून, म्हणजे कापून, ढीग करून गंजी लावलेली, ताडपत्री जुनी, फाटकी. शनिवारी संध्याकाळी थ्रेशरवाल्याचा फोन, उद्या सकाळी मशीन रिकामी आहे, मग गुरुवारशिवाय नाही. मी म्हटलं उद्या नाही जमत. तो म्हणे, "पाणी काय रविवार पाहून येते का भाऊ?" बायको ऐकत होती, ती बायबल माझ्यापेक्षा जास्त वाचते. म्हणाली, शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवशी बैल विहिरीत पडला तर काढणार नाही का, असं येशूनंच विचारलं ना, लूक 14 काढा. मी म्हटलं, बैल अजून पडला नाही.

सोमवारी रात्री पडला, म्हणजे पाणी आलं. गंजी उघडली तर आतून वाफ निघाली, शेंगा काळ्या, काही दाण्यांना कोंब. हमीभाव त्या वर्षी क्विंटलला 4892 रुपये होता, पण असा डागी माल सरकारी केंद्रावर कोण घेते, व्यापाऱ्यानं तळहातावर दाणे पसरून जो भाव सांगितला तो इथं लिहीत नाही. पोरीची नर्सिंगची फी साळ्याकडून उसनी घेतली. साळा पण ख्रिस्तीच, त्यानं त्याच रविवारी मळणी करून घेतली होती. पैसे मोजून देताना एक शब्द बोलला नाही, बोलला असता तर बरं झालं असतं. येताना पोरगी गाडीवर मागून म्हणाली, "पप्पा, तुमी देवाले विचारलं होतं का असंच ठरवलं?" गाव येईपर्यंत मी गाडीच चालवत राहिलो.

आता ज्यांना वाटते देवानं दगा दिला, त्यांना सांगतो, चर्चला न जाणाऱ्यांच्याही गंज्या भिजल्या, अन् पोळ्याच्या दिवशी तुम्ही बैलाच्या मानेवर जू ठेवता का? तेव्हा कोणी नफा-तोटा विचारत नाही. अन् चर्चमध्ये पैसे मिळतात म्हणणाऱ्यांशी तर बोलणंच नाही, आम्ही अर्पणाच्या थैलीत टाकतो, काढत नाही.

खरं कारण वेगळंच आहे. लग्नाआधी मी भाड्याची गाडी चालवायचो, रविवारी भाडं जास्त. आमचे पास्टर जुने, यवतमाळची सेमिनरी, म्हणजे पास्टर लोकांचं कॉलेज, 1983 ला पुण्याला गेली त्याच्या आधी तिथं शिकलेले, त्यांना मी म्हणायचो, पास्टर, देव स्टिअरिंगवर पण भेटते. तेव्हाचा तो पोरगा, म्हणजे मीच, अजून माझ्याशी वाद घालतो, अन् तो काही चूक नाही बोलत. पण मग झोपायच्या आधीची प्रार्थना सुटली, बायबल कपाटावर गेलं, एका वर्षी ईस्टर होऊन गेला ते दुसऱ्या दिवशी कळलं. कोणी ओढून नेलं नव्हतं हो, नुसतं भाडं होतं. म्हणून मला रविवार धरून ठेवावा लागते. बायकोला नाही लागत, ती निंदताना पण प्रार्थना करते, तिनं मळणी केली असती तरी तिचं काही बिघडलं नसतं. मग फी माझ्या कमजोरीपायी गेली का? असेल.

बायकोनं सांगून ठेवलंय, यंदा मशीन रविवारी मिळाली तर तुम्ही चर्चला जा, मी वावरात थांबते. मी अजून हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही, फक्त ताडपत्री नवीन आणलीय.