प्लायच्या खाली वेत सापडला

गेल्या आठवड्यात गोव्यात हळदोण्याला एका जुन्या घरी कामाला गेलो, फोनवर सांगितलेलं की रॅटनचा, म्हणजे वेताचा सोफासेट फाटलाय, पट्ट्या बदलून द्या. तुटलेलं टोक ब्लेडने कापून बघितलं तर आत एकसारखं गुळगुळीत, म्हणजे सरळ प्लास्टिक. बिलावर 'रतन', कॅटलॉगात 'रॅटन', पाकिटावर 'रटान', स्पेलिंग काहीही असो, माल पीईचाच, म्हणजे पॉलिथिलीन प्लास्टिकचा. खरा वेत भरीव असतो, बांबूसारखा पोकळ नाही, आणि कापल्यावर टोकाला बारीक बारीक छिद्रं दिसतात. ताडाच्या कुळातली वेल आहे ती, सगळ्यात जास्त इंडोनेशियातून येते. मालकांना पट्टीचा तुकडा लायटरवर धरून दाखवला, वितळून गोळा झाला. एवढे पैसे मोजलेला माणूस, वाईट वाटलं मला.

निघताना बाल्कांवात, म्हणजे घराच्या दारापुढच्या बसायच्या ओसरीत, लांब हातांची आरामखुर्ची दिसली, भंगारवाल्यासाठी काढून ठेवलेली, सीटवर प्लाय ठोकून वर फोम. उलटी केली आणि पोटात धस्सच झालं! चौकटीला चारी बाजूंनी भोकांची ओळ, काही भोकांत वेताच्या जुन्या खुंट्या तशाच, म्हणजे मुळात ही वेताने विणलेली सीट, आणि मधेच खिळे मारल्यामुळे लाकडाला बारीक चीर गेलेली. आधी ही खुर्ची दिवसभर एसीच्या खोलीत असायची म्हणाले. मग वेत सुकून कडक होणार आणि तुटणारच ना, त्याला थोडी ओल लागते.

भंगारात देऊ नका म्हणून अक्षरशः विनवलं मी. तयार झाले, मग तिथेच बसलो. खिळे उपटले, चिरेत फेविकॉल भरून क्लॅम्प लावला, दुसऱ्या दिवशी खुंट्या पंचने ठोकून पाडल्या आणि वेताच्या सालीच्या पट्ट्या पाण्यात टाकल्या. चकचकीत बाजू वर ठेवून आधी उभ्या, मग आडव्या, मग दोन्हीकडून तिरक्या, आणि प्रत्येक भोकात खुंटी मारून ताण धरायचा. ओली असताना जाळी जरा सैल वाटते पण वाळली की आपोआप ताणते, म्हणून विणून झाल्यावर रात्रभर कुणी बसायचं नाही. बोटांना चिरा पडतात, पण तिरकी पट्टी बसली आणि अष्टकोनी भोकं दिसायला लागली की हात थांबत नाही.

एसीत ठेवू नका, कोरड्या दिवसांत खालच्या बाजूने ओला कपडा फिरवा एवढं सांगितलं. मालक म्हणाले, माळ्यावर अजून दोन पडल्यात तसल्या, कधी बघाल? म्हटलं आत्ताच, बॅटरी आणा.