कसारा घाटातले चुन्याचे शिंतोडे

नाशिकचं लग्न झालं, मठ्ठा छान होता. बाकी सगळं लिहायचंय ते वाटेतल्या वीस मिनिटांबद्दल.

कसारा घाटात ट्रकांच्या मागे रखडलो होतो. भूशास्त्र शिकणारी भाची एकदम ओरडली, "मामा, गाडी बाजूला घे!" मला वाटलं, हिला मळमळतंय. जरा रुंद जागा दिसली तिथे थांबलो, तर ही उतरून थेट कातळाकडे.

काळ्या दगडावर पांढरट शिंतोडे. इतकी वर्षं या घाटातून जातोय, मी ते चुन्याचेच समजत आलो. नखाने खरवडले तर निघेनात. दगडातच रुतलेले, चपटे, काही तर बोटाच्या पेराएवढे लांब. प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार नावाच्या खनिजाचे स्फटिक!

"लाव्हा बाहेर पडला की भराभर थिजतो. एवढे मोठे स्फटिक वाढायला सवड कुठली?" म्हणजे हे आधीच, जमिनीखाली शिलारस मुक्कामाला असताना वाढले. तो सावकाश निवत होता, त्यामुळे नवे कण थोडेच धरले आणि धरलेले मात्र पोसत गेले. खडीसाखरेचंही तेच, पाक घाईने निवला की नुसती रवाळ साखर हाती लागते. पुढे उद्रेक झाला, शिलारस या स्फटिकांना घेऊनच वर आला आणि त्यांच्याभोवती बारीक कणांचा काळा दगड झाला. बरेच स्फटिक एकाच दिशेला आडवे होते, ओढ्यात वाहत आलेल्या काड्यांसारखे. हे सगळं सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचं.

सह्याद्रीत असे मोठ्या स्फटिकांचे लाव्हाचे थर मोजकेच, म्हणून थरांची मोजदाद करताना ते खुणेला धरतात. एकाला थळघाटाचं नाव आहे, म्हणजे आपला हाच घाट, दुसऱ्याला मंचरचं.

मीही शहाणपणा केला, "सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असतात तेच ना हे?" झापलंच तिने. तिथले स्फटिक झिओलाइट नावाच्या खनिजांचे, लाव्हा थिजल्यानंतरचे, बुडबुड्यांच्या पोकळ्यांत झिरपलेल्या पाण्यातून वाढलेले.

सगळ्यात ठसठशीत स्फटिक होते नेमके तिथेच कुणीतरी प्लॉटच्या जाहिरातीचा फोन नंबर रंगवून ठेवलाय. ऑइलपेंटने. त्यातले शेवटचे दोन आकडे झुडपाआड गेलेत, तेवढाच सूड.

गाडीतून आई ओरडत होती, "मुहूर्त चुकेल रे!" मी पायाशी पडलेला एक तुकडा उचलून झब्ब्याच्या खिशात टाकला. मंगलाष्टकं सुरू असताना खिसा उसवला आणि दगड नवरदेवाच्या काकांच्या पायावर पडला.