गगनबावडा राहिला, उद्यमनगर घडलं

जानेवारीतला रविवार. सकाळी सहाला कोल्हापुरात रंकाळ्यावरून निघालो. गाडी १९९६ ची डिझेल जीप, सोबत मेहुणा. गगनबावडा ५५ किलोमीटर, तिथं नाश्ता, घाट बघून दुपारी जेवायला घरी. बालिंगा, कळे सगळं झकास. साळवणच्या अलीकडं मेहुणा म्हणाला, "दाजी, ते लाल काय लुकलुकतंय?" डॅशबोर्डवरचा ऑइल प्रेशरचा दिवा, म्हणजे इंजिनला ऑइल दाबानं पोचत नाही अशी खूण.

इंजिन तिथंच बंद केलं. डिपस्टिक पुसून बघितली, ऑइल वरच्या खुणेला. वास घेतला, डिझेलचा नाही. (डिझेल मिसळलं की ऑइल पातळ होतं आणि पातळी उलट वाढते. नुसती खूण बघून फसू नका.) दहा मिनिटांनी स्टार्टर मारला तर दिवा गायब! इथं माझी चूक झाली, गाडी पुढं दामटली. दोन किलोमीटरवर दिवा परत हजर.

रस्त्याकडेच्या एका गॅरेजवाल्यानं बॉनेटला हात न लावताच सांगितलं, "हाफ इंजिन करायला आलंय. तवर जाड ऑइल टाका." हाफ इंजिन म्हणजे इंजिन खोलून बेअरिंग, रिंगा बदलायचं मोठं काम. जाड ऑइलनं दिवा विझतोही, पण दुखणं तसंच राहतं. शेवटी कारखान्यावर ऊस टाकून परतणाऱ्या रिकाम्या ट्रॅक्टरला दोर बांधला आणि फुलेवाडी नाक्यापर्यंत आलो. रस्ताभर लोक हसत होते.

सोमवारी उद्यमनगर, कोल्हापुरातला कारखाने-गॅरेजांचा भाग. मिस्त्रींनी आधी दिवा लावणारा ऑइल स्विच काढला आणि त्याच भोकात प्रेशर मोजणारा काट्याचा गेज बसवला. दिवा खोटं बोलू शकतो, स्विच शंभर-दोनशे रुपयांचा असतो. गेजवर दिवा खोटा ठरला असता तर काम तिथंच संपलं असतं. तसं झालं नाही. थंड इंजिनला तीन किलो प्रेशर. तापल्यावर आयडलला दीड. रेस दिली, क्षणभर चढला आणि मग काटा सरकत सरकत अर्ध्या किलोवर.

"बेअरिंग घासलं असतं तर आयडलला पडला असता आन् रेस दिल्यावर चढला असता," मिस्त्री म्हणाले. "हे उलटं हाय, सायेब. पंपाला ऑइलच गावत न्हाई. आन् बंद केल्यावर घाण खाली बसती, म्हणून दिवा जातोय."

इंजिनखालचा ऑइलचा चेंबर उतरवला. पंप जिच्यातून ऑइल ओढतो त्या जाळीवर सिलिकॉनचे निळे तुकडे, जणू कुणी रबर किसून टाकलंय. सहा महिन्यांपूर्वी दुसरीकडं चेंबरचं पॅकिंग बदललं होतं. तिथं सिलिकॉन हात सोडून लावलेलं, बाहेर दिसतं तेवढंच आतही सुटलेलं. उघडलंच आहे म्हणून एक कनरॉड कॅप काढून बेअरिंग बघितलं. राखाडी थर शाबूत, खालचं तांबं दिसत नव्हतं, म्हणजे बेअरिंग घासलेलं नाही. जाळी धुतली, जास्तीचं प्रेशर सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हची गोळी मोकळी आहे ना तेही बघितलं. नवीन फिल्टर, १५डब्ल्यू-४० ऑइल. मग डिझेल तोडणारी स्टॉपची केबल ओढून धरून काटा हलेपर्यंत नुसता स्टार्टर मारला, कोरड्या बेअरिंगवर इंजिन पेटू नये म्हणून. तापल्यावर आयडलला दोन, रेसला साडेतीन.

पुढच्या रविवारी गगनबावडा झाला. गेज आता डॅशबोर्डवरच आहे. तुम्ही जुनी गाडी नेणार असाल तर कळ्यात थांबून डिपस्टिक बघा, लिटरभर ऑइल आणि जाड दोर सोबत ठेवा.

ते निळे तुकडे मेहुण्यानं काडेपेटीत भरून ठेवलेत. ज्यानं लावले त्याला दाखवायचे म्हणतोय.